मांडीवरची गिटार, खिशाला झेपणारी

साधी गिटार घेताना मान वाकली आहे का, तारा फ्रेटपासून फार उंच तर नाहीत ना, हे आधी बघावं लागतं. लॅप स्टीलला ती फिकीर नाही. हे वाद्य मांडीवर आडवं ठेवतात, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडतात आणि डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवतात. तार फ्रेटवर दाबायचीच नसते. फ्रेटच्या जागी बहुधा नुसत्या रेघा असतात, खुणेपुरत्या. मानेचा बाक साधणं, फ्रेट ठोकणं, घासून एका पातळीत आणणं या ज्या कारागिरीचे पैसे साध्या गिटारमध्ये मोजावे लागतात, ती इथे लागतच नाही. म्हणून स्वस्तातली लॅप स्टील खरोखर चांगली निघू शकते. नाही निघाली, तर दोष लाकडाचा क्वचितच असतो. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), ब्रिज आणि रेघा यांच्या मापात काही मिलिमीटरची गफलत झालेली असते, आणि ती दुकानातच साध्या टेपने पकडता येते. ती कशी पकडायची, हाच या लेखाचा मुख्य भाग.

दुकानात जाऊन ‘लॅप स्टील’ मागितलीत तर समोरचा कदाचित गोंधळेल. ‘हवाईयन गिटार’ म्हणा. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकूने रूढ केलेली ही वादनाची तऱ्हा आपल्याकडे त्याच नावाने आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाईचे टाऊ मो कुटुंबासह कोलकात्यात राहत होते, आणि बंगालमध्ये हे वाद्य घराघरांत शिकवलं जाऊ लागलं. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीला ऐकू येते ती त्यांचीच गिटार. सांगायचा मुद्दा एवढाच, की हे वाद्य परदेशातूनच मागवायला हवं असं काही नाही.

आधी सूर ठरवा

वाद्य बघायला निघण्यापूर्वी त्यावर काय वाजवायचं हे ठरवा. तारा कोणत्या सुरांत लावणार यावर वाद्याची लांबी आणि तारांची जाडी ठरते, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी दिसायला आवडलेली गिटार घेतात आणि मग तिच्यावर नको त्या तारा नको त्या सुरात ताणत बसतात.

तीन पद्धती माहीत असल्या तरी पुरे. पहिली ओपन डी. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. पेटीच्या भाषेत पांढरी दोनमध्ये सा प सा ग प सा. भावगीत, अभंग, नाट्यपद किंवा राग असं काही एकेका तारेवर मींड घेत गायकी अंगाने वाजवायचं असेल तर ही लावणी सोयीची. खाली षड्ज-पंचम आयते मिळतात.

दुसरी सी सिक्स्थ. सी, ई, जी, ए, सी, ई, म्हणजे पांढरी एकमध्ये सा ग प ध सा ग. भूपातला रिषभ तेवढा वगळा, बाकीचे स्वर मोकळ्या तारांवर हजर. जुन्या हवाईयन चाली आणि अमेरिकेतलं कंट्री संगीत यांत ही लावणी रुळली, ती रुळवण्यात जेरी बर्ड या वादकाचा मोठा वाटा. दोन-तीन तारा एकदम छेडून भरीव सूर काढायचे असतील तर हिला पर्याय नाही.

तिसरी ब्लूग्रासवाल्यांची, जी, बी, डी, जी, बी, डी. हिच्यासाठी डोब्रो नावाच्या गिटारसारखं भक्कम मानेचं वाद्य लागतं. स्वस्तातल्या वाद्याच्या वाटेला ही लावणी न गेलेली बरी.

मराठी-हिंदी गाणी हेच तुमचं ध्येय असेल तर डोळे मिटून ओपन डी धरा. पुढचं सगळं मी तेच गृहीत धरून लिहितो, जिथे फरक पडेल तिथे सांगेन.

मग लांबी

नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याला स्केल म्हणतात. बऱ्याच लॅप स्टीलची स्केल साडेबावीस इंच असते, साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीस असू शकते. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे साडेबावीस इंचावर तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी. तार सैल राहते, बारच्या वजनाने खचते आणि सूर डळमळतो. त्यावर उपाय जाड तारा.

आखूड स्केलचा फायदाही आहे. बार तिरका धरून दोन तारांवर दोन वेगळ्या घरांतले सूर घेता येतात. घरं जवळजवळ असली की ते जमतं, लांब असली की मनगट मुरगळतं. सी सिक्स्थमध्ये हे तिरकं काम पदोपदी लागतं आणि तिथली सगळ्यात जाड तारही फार खाली जात नाही. म्हणून सी सिक्स्थला साडेबावीस उत्तम. ओपन डीची जाड तार तिच्यापेक्षा जवळजवळ सप्तकभर खाली असते, तिला तेवीस-चोवीस इंच किंवा जास्त मिळाले तर बरं. साडेबावीसच मिळाली तर सहावी तार निदान .०५६ इंच जाडीची लावा.

वाद्य कुठून आणायचं

सगळ्यात स्वस्त वाट घरातल्या माळ्यावर असते. पुतण्याने हौसेने घेतलेली आणि तारा उंच झाल्या म्हणून टाकून दिलेली पोलादी तारांची अकौस्टिक गिटार. ज्या दोषामुळे ती निकामी ठरली, तोच इथे गुण. नट एक्स्टेंडर नावाचा धातूचा छोटा तुकडा मिळतो, काहीशे रुपयांचा. तारा ढिल्या करायच्या, तो जुन्या नटवर टोपीसारखा बसवायचा, तारा पुन्हा ताणायच्या. तारा फ्रेटपासून आठ-दहा मिलिमीटर वर उचलल्या जातात, बार फ्रेटवर खटखटत नाही. गोंद नाही, खिळा नाही. उद्या परत साधी गिटार हवी असली तर तुकडा काढून ठेवा.

पण एवढ्यावर भागत नाही, आणि विकणारे पुढचं सांगत नाहीत. साध्या गिटारच्या ब्रिजवरची हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे सॅडल, मध्ये किंचित फुगीर असते, कारण फ्रेटबोर्डही तसाच असतो. बार मात्र सरळ. मधल्या तारांवर तो टेकतो आणि कडेच्या तारा अर्धवट सुटून खरखरतात, वरच्या घरांत तर जास्तच. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून वरची कड अगदी सरळ असलेली सॅडल करून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे. ती जुनीहून दोन-तीन मिलिमीटर उंच असली तर चालेल, त्याहून उंच नको. उंच सॅडल तारांच्या ओढीने ब्रिजच उचकटते.

अशी गिटार निवडताना मान थोडी वाकलेली चालेल, पिळलेली चालणार नाही. मानेच्या टोकाकडून एका डोळ्याने ब्रिजकडे बघा. नटची कड आणि ब्रिजची कड समांतर दिसली पाहिजे. ब्रिजमागे लाकडाला फुगवटा आला असेल किंवा ब्रिजखाली कागद सरकत असेल तर ती गिटार जाऊ द्या. नायलॉनच्या तारांची गिटार घेऊच नका. नायलॉनवर पोलादी बारचा सूर टिकत नाही आणि त्या गिटारला पोलादी तारा चढवल्या तर ब्रिज हातात येतो.

ओपन डीचा इथे मोठा आधार आहे. नेहमीच्या ई, ए, डी, जी, बी, ई वरून जाताना दोन तारा तशाच राहतात आणि चार उतरतात. एकही चढवावी लागत नाही, त्यामुळे जुन्या वाद्यावरचा ताण उलट कमी होतो. ब्लूग्रासच्या लावणीत सहावी तार तीन अर्धस्वर आणि पाचवी दोन अर्धस्वर चढवावी लागते. नेहमीच्या संचातल्या तारा तिथे तुटतात, नाही तुटल्या तर मान खेचतात.

दुसरी वाट कोलकात्याची. रवींद्र सरणीवर लालबाजारच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांची रांगच आहे, आणि तिथल्या कारागिरांना हवाईयन गिटार नवी नाही. तिथून ओळखीतून किंवा कुरियरने मागवता येते. वाद्य पोकळ घ्यायचं की पिकअप बसवलेलं भरीव, हे शेजाऱ्यांवर अवलंबून. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने भरीव इलेक्ट्रिक घ्यावं आणि हेडफोन लावून वाजवावं. या गटात हाताने केलेलं काम असल्याने एकाच दुकानातल्या दोन वाद्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून पुढच्या तपासण्या इथे जास्त गरजेच्या.

तिसरी वाट परदेशी बनावटीच्या नव्या साध्या वाद्यांची. अमेरिकेत अशी भरीव इलेक्ट्रिक लॅप स्टील शंभर-दोनशे डॉलरमध्ये मिळू शकते. तिकडे राहणाऱ्याने जरूर घ्यावी. इथे मागवली तर भाडं, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी मिळून किंमत पार बदलते, आणि मग ती स्वस्तातली राहत नाही.

तिकडच्या मराठी मंडळींसाठी चौथीही वाट आहे, १९३० ते १९६० या काळातली विद्यार्थ्यांसाठी केलेली वाद्यं. इलेक्ट्रिक गिटारचा धंदाच मुळी लॅप स्टीलने सुरू झाला. १९३२च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवरचीच गिटार. पुढे सुप्रो, ओआहू, मॅग्नाटोन अशा नावांनी शिकाऊ वाद्यांचा पूर आला. शिकागोची व्हॅल्को कंपनी तर एकाच घडणीची वाद्यं वेगवेगळ्या नावांनी विकायला देई. गॅरेज सेलमध्ये मोत्यासारख्या चमकत्या प्लास्टिकने मढवलेली एखादी दिसली तर तिचं नाव बघण्याआधी पिकअप वाजतो का ते बघा. जुना पिकअप पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च वाद्याइतका होऊ शकतो. काही सुप्रोंत तारा पिकअपच्या पोटातूनच जातात, तिथे बदली पिकअपही सहज बसत नाही.

अशा वाद्यांबरोबर पेटीसारखा अ‍ॅम्प्लिफायर कित्येकदा फुकट मिळतो. त्याची दोन पिनांची वायर असेल तर जाणकाराकडून अर्थिंगसह तीन पिनांची करून घेतल्याशिवाय तो लावू नका. त्या काळच्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तारांपर्यंत येतो, आणि तुमच्या हातात पोलादी बार असतो. तो भारतात आणायचा झाला तर १२० व्होल्टचा आहे हे विसरू नका. इथल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातलात तर धूर निघेल.

दुकानातली तपासणी

बरोबर चार वस्तू न्या: मिलिमीटरच्या खुणांची टेप, पंधरा सेंटिमीटरची पोलादी पट्टी, फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप आणि शक्य झाल्यास बार. दुकानात बार असेलच असं नाही. वेळ अर्धा तास ठेवा. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

सगळ्यात आधी बारावी रेघ. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. मग बाराव्या रेघेपासून ब्रिजवर तार टेकते त्या बिंदूपर्यंत. दोन्ही सारखी हवीत. साडेबावीस इंची वाद्यात स्केल ५७१ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणून प्रत्येक अर्ध २८६च्या जवळ हवं. एक-दोन मिलिमीटरचा फरक कान सांभाळून घेतो. पाच-सहाचा नाही. ब्रिज तेवढा लांब बसला असेल तर बार रेघेवर नेमका ठेवूनही सूर उतरलेला लागतो, जवळ बसला असेल तर चढलेला. मग शिकणारा महिनोन्‌महिने आपल्याच हाताला दोष देत राहतो. लॅप स्टील सोडून दिलेल्या कितीतरी लोकांनी खरं तर ब्रिज सोडायला हवा होता.

टेप नसेल तर कानाने करा. मोकळ्या तारेला बाराव्या रेघेवर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ सूर जिथे सगळ्यात मोठा वाजतो तो तारेचा खरा मध्य. तो रेघेवर आला पाहिजे. सातव्या रेघेची जागा नटपासून स्केलच्या एक तृतीयांश अंतरावर आणि पाचवीची एक चतुर्थांश अंतरावर, हेही पडताळा. साडेबावीस इंचांत सातवी बरोबर साडेसात इंचांवर येते, तोंडी हिशेब आहे. बारावी चुकली आणि बाकीच्या रेघाही त्याच दिशेने सरकलेल्या दिसल्या तर दोष ब्रिजचा. रेघा आपसातच वेड्यावाकड्या असतील तर पट्टी चुकीच्या मापाची चिकटवली आहे, ते वाद्य ठेवून द्या. ब्रिज स्क्रूने बसवलेला असेल तर सरकवून घेता येतो, आणि ती किंमत कमी करून घ्यायला सबळ सबब आहे. चिकटवलेला असेल तर नको.

दुसरी गोष्ट, तारांची पातळी. पोलादी पट्टीची कड नटजवळ सहाही तारांवर आडवी टेकवा आणि खाली वाकून पट्टी व तारा यांच्यामधून उजेड दिसतो का बघा. मग बाराव्या रेघेवर, मग ब्रिजजवळ. एखादी तार खाली असेल तिथे फट दिसेल. आता बार ठेवून प्रत्येक तार वेगळी छेडा. बारच्या मागे, नटच्या बाजूला डाव्या हाताची मागची बोटं हलकी टेकलेली असू द्या, नाहीतर तिकडच्या तारांचा गोंगाट दोष म्हणून ऐकू येईल. एकच तार खरखरत असेल तर नटमधली तिची खाच जास्त खोल आहे. नवा नट स्वस्त असतो, पण दुकानदाराने तो तुमच्यासमोर बसवून द्यायला हवा. मोकळी तार छेडल्यावर झणझणाट येत असेल तर खाच रुंद आहे आणि तार तिच्यात हलते आहे. ती जवारी सतारीला शोभते, इथे नाही.

तारांमधलं अंतरही बघा. ब्रिजपाशी नऊ-दहा मिलिमीटर असावं आणि नटपाशी फार आक्रसू नये. जाड बोटांच्या माणसाला आक्रसलेल्या तारांवर उजव्या हाताने एकच तार छेडणं अवघड जातं. तारा पृष्ठभागापासून निदान आठ मिलिमीटर वर हव्यात. जास्त असल्या तरी बिघडत नाही.

खुंट्यांची परीक्षा सोपी. सहाही तारा सुरात लावा, प्रत्येक तार अंगठ्याने तीन-चार वेळा वर खेचा, पुन्हा ट्यूनर बघा. थोडी उतरणारच, नवी तार असेल तर जास्त. पुन्हा लावून पुन्हा खेचल्यावरही उतरत असेल तर खुंटी घसरते आहे. खुंट्या बदलता येतात, म्हणून एवढ्याच कारणाने वाद्य नाकारू नका, मात्र त्यांची किंमत मनात धरून भाव करा.

लाकूड, रंग, पॉलिश यांवर वेळ घालवू नका. वाद्याची पाठ सपाट हवी आणि मांडीवर ते डुलू नये, एवढं पुरे. गुळगुळीत पॉलिशचं वाद्य मांडीवरून घसरतं. रबरी चटईचा तुकडा खाली घातला की प्रश्न मिटतो.

पिकअप आणि वायरिंग

इलेक्ट्रिक वाद्य असेल तर अ‍ॅम्पला जोडून बघितल्याशिवाय घेऊ नका. आवाजाचं बटण पूर्ण फिरवा. सगळ्या तारा सारख्या जोरात वाजल्या पाहिजेत. पहिली किंवा सहावी मंद असेल तर पिकअप तारांखाली नीट बसलेला नाही. तो वर-खाली करायला स्क्रू असेल तर तिथल्या तिथे सुधारून बघा. मग पिकअपवर नखाने टकटक करा. थोडा आवाज येईल, मायक्रोफोनसारखा खणखणीत आला तर तो पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी घालणार.

गुणगुण बहुतेक स्वस्त पिकअपना असतेच. तारेला हात लावल्यावर ती कमी झाली पाहिजे. वाढली तर अर्थची वायर चुकीची किंवा सुटलेली आहे. बटणं फिरवताना खर्रर्र होत असेल तर फवारणीचं क्लीनर पुरतं. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक बदलावा लागेल, तोही महाग नाही.

एक गोष्ट मात्र नंतर बदलता येत नाही, आवाजाच्या बटणाची जागा. उजव्या हाताची नखी तारेवर असतानाच करंगळी त्या बटणापर्यंत पोहोचली पाहिजे. तार छेडताना आवाज शून्य आणि मग करंगळीने हळूहळू वाढवला की सूर व्हायोलिनसारखा उगवतो. या वाद्याची अर्धी मोहिनी त्यात आहे. बटण लांब असेल तर मी तरी ते वाद्य सोडून देईन.

वाचलेले पैसे कुठे घालायचे

बार, नख्या आणि तारा. वाद्य स्वस्त घ्या, यांत काटकसर नको. हलक्या बारने तार नीट थांबत नाही आणि सूर पातळ येतो. सहा तारांसाठी पाऊण इंच जाडीचा, तीन इंचांहून थोडा लांब, एका टोकाला गोल असलेला भरीव बार हवा. बाजारात महाग वाटला तर लेथवाल्याकडे जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत अशी कामं करणारे गल्लोगल्ली आहेत. त्याला सांगा: ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा १९ मिलिमीटरचा रॉड, लांबी ८० मिलिमीटर, एक टोक अर्धगोल, दुसऱ्या टोकाची धार मारलेली, आणि आरशासारखं बफिंग. वजन १८० ग्रॅमच्या आसपास भरेल. बफिंगवर अडून बसा. लेथच्या बारीक रेषा राहिल्या तर तारेवरून सरकताना बार फुसफुसतो, आणि तो आवाज पिकअप इमानदारीने मोठा करून ऐकवतो. हात लहान असेल किंवा बार सारखा निसटत असेल तर बोटांना पकड देणाऱ्या खाचांचा तयार बार घ्या, तो वेगळ्या आकाराचा असतो आणि लेथवर होत नाही.

अंगठ्याला प्लास्टिकची नखी आणि दोन बोटांना धातूच्या नख्या. सतारीची नखी वापरू नका, तिचा कोन वेगळा.

तारांचा संच घेताना सूर सांगून घ्या. सी सिक्स्थसाठी पहिली तार .०१४ किंवा .०१५ आणि सहावी .०३६च्या आसपास. ओपन डीसाठी लांब स्केलच्या अकौस्टिकवर नेहमीचा मीडियम संच चालतो. अ‍ॅम्प दहा-पंधरा वॉटचा सराव अ‍ॅम्प पुरे, तोही जुना. सुरुवातीला हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प घेतलात तरी चालेल आणि घरातले दुवा देतील.

पाय लावलेली, आठ तारांची, दुहेरी मानेची वाद्यं पहिल्या खरेदीत नकोत. पेडल स्टील हे वेगळंच यंत्र आहे, तिच्या किमतीकडे बघूही नका. ‘गिटार, बॅग, बार, पुस्तक, सगळं एका बॉक्समध्ये’ असे संच येतात. त्यांतला बार बहुधा पोकळ नळी असतो, त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: नट ते बारावी रेघ टेप लावून काढलेला फोटो, बारावी रेघ ते ब्रिज तसाच फोटो, आणि प्रत्येक तार आधी मोकळी व मग बाराव्या रेघेवर बार ठेवून छेडल्याचा छोटा व्हिडिओ. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा. परत पाठवायची मुदत किती दिवसांची आणि परतीचं भाडं कोणाचं, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

वाद्य घरी आलं की दुकानातल्या तारा काढून टाका. कितीतरी वेळा त्या साध्या गिटारच्याच असतात. नव्या चढवताना सहाही एकदम काढू नका, सुटा ब्रिज असेल तर तो हलतो. एकेक करून बदला आणि मग बारावी रेघ पुन्हा मोजा. पहिल्या तारेची एक जास्तीची सुटी तार मात्र खरेदीच्या दिवशीच मागून घ्या. तुटते ती तीच, आणि तीही रविवारी, दुकान बंद असताना.